कमरेचे मायक्रोव्होल्ट

विज्ञानासाठी देह झिजवण्याची हैदराबादला जुनी परंपरा आहे. 1888 आणि 1889 साली इथे क्लोरोफॉर्म कमिशन बसलं. रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांचं म्हणणं असं, की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नाही. तेव्हा श्वास सांभाळा आणि बिनघोर भूल द्या. विलायतेतल्या डॉक्टरांना ते पटेना. मग सहावे निजाम महबूब अली खान यांनी थैली मोकळी केली, लंडनच्या 'लॅन्सेट'ने आपला माणूस पाठवला आणि शेकडो कुत्र्यांना हुंगवून हुंगवून आडवं करण्यात आलं. पुढे 1897 साली रोनाल्ड रॉस सिकंदराबादेत डास फाडत बसले, तेव्हा त्या डासांना चावायला हुसेन खान नावाचा हिवतापाचा रोगी मिळाला. भाव ठरला डासामागे एक आणा. 20 ऑगस्टला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला आणि 1902 साली रॉसना नोबेल मिळालं. हुसेन खानला आणे मिळाले.

या थोर परंपरेत गेल्या उन्हाळ्यात माझ्या कमरेची भर पडली. मोबदला एक कप इराणी चहा आणि दोन उस्मानिया बिस्किटं. सव्वाशे वर्षांत चावून घेणाऱ्यांचे दर चढले की पडले, हे अर्थशास्त्र्यांनी बघावं.

कंबर कशाने गेली, हे विचारणाऱ्यांना काहीतरी भरीव ऐकायचं असतं. सिलिंडर उचलला, कपाट सरकवलं, बाईक मेन स्टँडवर लावली, असं सांगितलं की ते समाधानाने मान हलवतात. मी दारातलं वर्तमानपत्र उचलत होतो. तेही रविवारचं पुरवण्यांसकट नव्हे, मंगळवारचा बारीक अंक. निम्मा वाकलो आणि कमरेत अशी उसण भरली, की खाली जाता येईना आणि वर येता येईना. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले वयोवृद्ध तेलुगू गृहस्थ दार उघडून बाहेर आले. त्यांना वाटलं, मी त्यांच्या पाया पडतोय. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि ते फिरायला निघून गेले. आतून बायकोचा आवाज आला, "अहो, वाकून वाचण्यासारखं काय आलंय एवढं?"

त्यानंतर उपचार सुरू झाले. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण जाते, अशी आपल्याकडे समजूत आहे. तेलुगू घरांतही ती जशीच्या तशी आहे. 1956 साली भाषावार प्रांतरचनेत मराठवाडा हैदराबादपासून तुटला, पण या समजुतीची वाटणी करायची राहून गेली. वरच्या मजल्यावरच्या अम्मांचा नातू पायाळू निघाला. वय वर्षं सात, छंद फुटबॉल. हलकेच पाय लावायचा असतो, हे त्याला दोन भाषांत समजावून सांगण्यात आलं. तो दोन्हींना "हौ" म्हणाला, सोफ्यापर्यंत मागे गेला आणि धावत आला. अम्मा खूश झाल्या, बायको खूश झाली, पोरगा तर इतका खूश झाला की दुसऱ्या दिवशी न बोलावता आला. आणखी आठवडाभर मी त्याची चाहूल लागली की पाठ भिंतीला लावून उभा राहत असे.

डॉक्टरांनी एमआरआय काढला. त्यात एल-फोर आणि एल-फाइव्ह या मणक्यांमधली गादी थोडी बाहेर आल्याचं दिसलं. मी डोळ्यांत पाणी आणण्याच्या बेतात होतो, तर डॉक्टर म्हणाले, "कंबर अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीच्या शंभर माणसांचे फोटो काढले, तर त्यातल्या साठेक जणांची गादी अशीच दिसते. व्यायाम करा." माझ्या दुखण्याची इतकी सर्वसामान्य जात निघावी, हे मला फार लागलं. ऑफिसात रजेच्या अर्जावर काय लिहायचं?

आणि व्यायाम करा म्हणणं सोपं आहे. कुठला? कमरेच्या व्यायामात पंथ आहेत, आणि ते एकमेकांच्या पंगतीला बसत नाहीत. अमेरिकेत पॉल विल्यम्स नावाच्या डॉक्टरांनी 1937 साली पुढे वाकायचे व्यायाम सांगितले, गुडघे छातीशी घ्यायचे. न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झींचा मार्ग नेमका उलटा, तो मागे वाकण्याचा. त्याचा उगमही गमतीचा. 1956 साली त्यांचा एक रोगी, डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर चुकून पालथा जाऊन पडला आणि कमान होऊन पडल्या पडल्या त्याला बरं वाटलं. त्या पालथ्या पडलेल्या माणसावर पुढे जगभराचा संप्रदाय उभा राहिला. तिसरे कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल. ते म्हणतात, कणा पुढेही नको आणि मागेही नको, तो जागच्या जागी धरा आणि हातपाय हलवा. माझ्या ओळखीत या तिन्ही पंथांचे प्रचारक आहेत, शिवाय योगवाले वेगळेच. एकाच आठवड्यात मला भुजंगासन करा आणि भुजंगासन चुकूनही करू नका, असं सारख्याच कळकळीने सांगण्यात आलं. मी तडजोड म्हणून बेल्ट घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यात पट्टे वापरू नका म्हटलं. माझा बेल्ट त्यानंतरचा आहे. दुकानदाराने सूचना वाचल्या नसाव्यात. मी तर वाचल्याच नव्हत्या.

इसामिया बाजारच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात भेटणारे माझे एक स्नेही आहेत. खालच्या फळीवरचं पुस्तक काढताना मी जो आवाज काढला, तो ऐकून ते म्हणाले, "माझ्या भाच्याच्या कॉलेजात अशा कमरा हव्या आहेत." भाचा फिजिओथेरपीचा प्राध्यापक. त्या कॉलेजातला एक विद्यार्थी एमपीटी या पदव्युत्तर पदवीचा प्रबंध करत होता: कंबरदुखीच्या व्यायामांत पाठीचे स्नायू किती काम करतात, ते यंत्राने मोजायचं. मला हे फार आवडलं. आमच्या घरात मी किती काम करतो, हा प्रश्न लग्नापासून वादग्रस्त आहे. आता यंत्रच सांगणार म्हटल्यावर मी तिथल्या तिथे होकार दिला.

विद्यार्थी करीमनगरचा होता. पोरगा गोड, बोलणं तेलुगू-दखनी-इंग्रजीची खिचडी. त्याने आधी संमतिपत्र पुढे केलं. त्यात प्रयोगाची माहिती, धोके, नाव गुप्त ठेवण्याची हमी आणि शेवटी एक सुंदर वाक्य: मी कारण न देता कोणत्याही टप्प्यावर माघार घेऊ शकतो. बावन्न वर्षांत इतक्या कागदांवर सह्या केल्या, नोकरीच्या, गृहकर्जाच्या, विवाहनोंदणीच्या, पण ही सोय कुठेच दिसली नव्हती. हुसेन खानच्या वेळी तर असा कागदच नव्हता. माणसांवरच्या प्रयोगांची हेलसिंकीची सनद आली 1964 साली. मी भावुक होऊन सही केली.

"अंकल, अब शर्ट निकालो," पोरगा म्हणाला. मी शर्ट काढला. तो माझ्या पाठीमागे गेला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "अंकल, बाल बहोत हैं."

इथे थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं. स्नायू आकुंचन पावतो त्याच्या किंचित आधी त्याच्या तंतूंतून विजेची लहर जाते. ती फार क्षीण असते, व्होल्टच्या लाखाव्या-हजाराव्या भागात मोजण्याइतकी. स्नायू आणि वीज यांची ही सोयरीक इटलीच्या गॅल्व्हानीने बेडकांच्या तंगड्यांवर दाखवली, ते 1791 मध्ये छापून आलं. माणसाच्या बाबतीत बर्लिनचे द्यु बुआ-रेमों यांनी 1849 साली ती दाखवली, पण त्यांना अडचण आली ती कातडीची. कातडी विजेला सुखासुखी सोडत नाही. या गृहस्थांनी मग हातांवर मुद्दाम फोड आणवले, वरची कातडी काढून टाकली आणि उघड्या जागेवर तारा लावल्या. आता तसं करत नाहीत. आता चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडच्या चिकट चकत्या लावतात, स्नायूच्या धाग्यांच्या दिशेने, दोन सेंटिमीटर अंतरावर जोडीने. मात्र त्याखाली केस, तेल, मळ काही चालत नाही. द्यु बुआ-रेमोंच्या मानाने मी स्वस्तात सुटलो. माझी फक्त हजामत झाली.

पाठीची हजामत हा अनुभव माणसाने एकदा तरी घ्यावा, असं मी म्हणणार नाही. आधी बोटांनी चाचपून मणके मोजले. कमरेच्या हाडाच्या रेषेवरून चौथा मणका, तिथून खाली पाचवा, वर पहिला. पेनाने खुणा केल्या. मग कोरडा रेझर. एकेका चकतीच्या जोडीपुरता एकेक चौकोन, मणक्याच्या डावीकडे आणि उजवीकडे, खाली मल्टिफिडस या स्नायूसाठी, वर इरेक्टर स्पायनीसाठी. नंतर त्या चौकोनांवर स्पिरिट आणि खरखरीत कापसाने घासणं, कातडी गुलाबी होईपर्यंत. "रेड हुआ तो गुड सिग्नल आता," तो म्हणाला. सिग्नल उत्तम येणार, हे मला आतून कळत होतं.

मग त्याने चिमट्यासारखं एक यंत्र आणून माझ्या कमरेच्या वरच्या वळ्या मोजल्या. कातडीखाली चरबी जितकी जास्त, तितकी स्नायूची वीज वर येईपर्यंत मंदावते. आकडा बघून तो पुन्हा गप्प झाला. एका वहीत आकडा लिहिला, खोडला, पुन्हा मोजलं, तोच लिहिला.

यंत्र सुरू केलं. पडद्यावर हिरवी रेघ. मी गादीवर पालथा, पूर्ण स्वस्थ; रेघ मात्र जाडजूड थरथरत होती. मला वाटलं, आपल्या स्नायूंत भलतीच जान आहे. पोरगा म्हणाला, "ये आप नहीं, अंकल. ये करंट है." आपल्या घरची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते, आणि पंखा, ट्यूबलाइट, एसी यांची ती पन्नासची गुणगुण शरीरावरच्या तारांत शिरते. त्याने पंखा बंद केला. ट्यूब बंद केली. शेवटी एसी बंद केला. मे महिना, हैदराबाद, दुपार. रेघ लगेच बारीक झाली आणि मी लगेच घामाघूम झालो. घाम आला की चकत्या सुटतात. चकत्या सुटल्या की पुन्हा पुसणं, पुन्हा स्पिरिट, पुन्हा घासणं. एक वेळ अशी आली, की तो एका हाताने माझ्या पाठीला पुठ्ठ्याने वारा घालत होता आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या चिकटवत होता.

एवढं होऊन रेघ शांत झाली, तरी वरच्या बाजूच्या एका जोडीत ठराविक वेळाने टोक उठत होतं. टक, टक, टक. मी घाबरून विचारलं, "हे काय?" तो म्हणाला, "वो आपका दिल है, अंकल." धडाच्या स्नायूंवर चकत्या लावल्या की हृदयाचे ठोकेही त्यात उमटतात; नंतर संगणकावर ते गाळावे लागतात. पाठीच्या व्यायामाच्या हिशेबात माझं हृदय हा कचरा होता.

आता खरा प्रकार सुरू झाला. दोन माणसांचे मायक्रोव्होल्ट थेट ताडून बघता येत नाहीत. कुणाची चरबी जाड, कुणाची कातडी कोरडी. म्हणून आधी प्रत्येकाला आपला जास्तीत जास्त जोर लावायला सांगतात, तो शंभर टक्के धरतात आणि मग प्रत्येक व्यायामात त्याच्या किती टक्के काम झालं, ते काढतात. जोर लावण्याची तऱ्हा अशी: पालथं पडायचं, पाय पट्ट्याने टेबलाला बांधायचे, हात कानापाशी, आणि धड वर उचलायचं. तेव्हाच कुणीतरी खांद्यांवर दाबून ते खाली ठेवायचं. दाबायला त्याने वर्गातला एक मित्र आणला होता. कबड्डी खेळणारा.

"ज़ोर लगाओ अंकल! और! और! छोड़नक्को!"

मी जोर लावला. म्हणजे तोंडाने पुरेपूर लावला. मान ताठली, दात खाल्ले, आवाज काढला. पण ज्या कमरेने मला वर्तमानपत्रासाठी अर्ध्यात सोडलं होतं, तिच्यावर अख्खा विश्वास टाकायची माझी छाती झाली नाही. कबड्डीपटूला काही फरक पडला नसावा, कारण तो मधल्या वेळात मोबाइल बघत होता.

परिणाम पुढे दिसला. पहिला व्यायाम ब्रिज, म्हणजे आपलं सेतुबंधासन: उताणं झोपून, पाय दुमडून कंबर उचलायची. पोरगा पडद्याकडे बघतच राहिला. माझे पाठीचे स्नायू एकशे चाळीस टक्क्यांनी काम करत होते. कमालीच्याही वर चाळीस! सरकारी खात्यातल्या तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या गोपनीय अहवालात असा शेरा कधी पडला नव्हता. मी म्हणालो, "एक प्रिंट मिळेल का?" तेवढ्यात त्याच्या मार्गदर्शक बाई आल्या. पडदा बघून म्हणाल्या, "यांनी मॅक्सिमम दिलाच नाही. दुखेल म्हणून भिऊन अर्धाच दिला." कंबरदुखीच्या रोग्यांचं हे नेहमीचंच असतं म्हणे, शंभर टक्के कुणी देतच नाही, म्हणून अनेक अभ्यासांत कमाल जोराऐवजी ठरलेलं हलकं काम मोजपट्टी म्हणून वापरतात. बाईंनी माझ्या मॅक्सिममवर काट मारली. यंत्राला सगळं कळतं, ही माझी समजूत बाईंच्या नजरेने दुरुस्त केली. कळतं ते बाईंना.

ब्रिजमध्येच आणखी एक गोष्ट निघाली. कंबर उचलायचं मुख्य काम नितंबांचं. तिथेही एक चकत्यांची जोडी होती. (तिच्या हजामतीबद्दल मी लिहिणार नाही, हे घरात वाचलं जातं.) त्या जोडीची रेघ जवळजवळ सपाट. नितंब निवांत आणि त्यांच्या वाटणीचं सगळं ओझं पाठीवर. बाई म्हणाल्या, "दिवसभर खुर्चीत बसता ना?" मी म्हणालो, हो, तेच तर माझं काम आहे.

मग प्लँक. कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर शरीर फळीसारखं धरायचं. मला वाटत होतं, यात पाठ तुटते. पडद्यावर पाठीची रेघ जेमतेम हलली. प्लँकमध्ये काम असतं पोटाचं. माझ्या पोटाला ही बातमी नवीन होती. शलभासनासारख्या व्यायामात, पालथं पडून छाती आणि पाय एकदम उचलताना, रेघा एकदम उसळल्या. पण तिथे मणक्यांवर दाबही मोठा येतो, म्हणून माझ्यासारख्याने आधी तिथे जायचं नसतं. म्हणजे रेघ उंच गेली म्हणजे व्यायाम चांगला, असा सरळ हिशेब नाही. किती विजेची किती कंबर बरी होते, हे मायक्रोव्होल्टवर लिहिलेलं नसतं.

बर्ड-डॉगमध्ये मी गाजलो. हात-गुडघे टेकून घोडा व्हायचं आणि उजवा हात व डावा पाय एकाच वेळी सरळ करायचे, मेट्रोनोमच्या टिकटिकीवर. पक्षी आणि कुत्रा यांचा हा संगम दिसायला सोपा आहे. मी उजवा हात आणि उजवाच पाय उचलला. घोडा ज्या बाजूला आधार नाही त्या बाजूला जातो, हा नियम यंत्राशिवाय सिद्ध झाला. जाताना मी बारा तारा सोबत घेतल्या. पडद्यावर रेघा छतापर्यंत गेल्या, पोरगा क्षणभर आनंदाने ओरडला, "सुपर सिग्नल!" आणि मग लॅपटॉपमागे धावला. तारा हलल्या की येणारा तो गोंधळ, स्नायूंचा त्यात काही हात नव्हता. लॅपटॉप वाचला. मी वाचलो की नाही, हे नंतर विचारण्यात आलं.

शेवटी सगळ्यात साधी चाचणी. सरळ उभं राहायचं, सावकाश पुढे वाकायचं, पूर्ण वाकून थांबायचं आणि सावकाश वर यायचं. बस. लंडनच्या फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी 1950 च्या दशकात यावर काम केलं आहे. निरोगी माणूस वाकत असताना पाठीचे स्नायू धड धरून ठेवतात. पण पूर्ण वाकल्यावर त्यांची वीज चक्क बंद होते. धडाचा भार तेव्हा कण्याचे बंध आणि आजूबाजूचे ताणलेले थर उचलतात, स्नायू सुट्टीवर जातात. वर येऊ लागलं की पुन्हा हजर. कंबर दुखणाऱ्या पुष्कळ माणसांत मात्र ही सुट्टी होत नाही. स्नायू धास्तावल्यासारखे शेवटपर्यंत आवळलेले राहतात.

माझे तसेच निघाले. मी टेबलाच्या कडेपर्यंत वाकून लोंबकळत होतो, काहीही करत नव्हतो आणि रेघ जाडच्या जाड. एवढंच काय, पोरगा नुसतं "रेडी?" म्हणाला, तेव्हाच रेघ फुगली. मी अजून हललोही नव्हतो. बाईंनी तीनदा करायला लावलं, श्वास सोडत वाका म्हणाल्या, गुडघे थोडे सैल ठेवा म्हणाल्या. तिसऱ्या खेपेला रेघ थोडी बारीक झाली. "तुमची पाठ कमजोर नाहीये," त्या म्हणाल्या, "तिला सोडायलाच येत नाही. जिथे काम नाही तिथे काम करते आणि जिथे आहे तिथे दुसऱ्याचं करते."

माझ्या कमरेचं जे वर्णन त्यांनी केलं, ते आमच्या साहेबांचं आहे. पण ते असो. मी चहा प्यायलो, बिस्किटं खाल्ली आणि आलेखाची प्रिंट पिशवीत घालून घरी आलो.

"बघ," मी बायकोला म्हणालो, "शास्त्रीय पुरावा. मी नुसता उभा असतानाही माझे स्नायू काम करत असतात. काहीच करत नसलो, तरी करत असतात."

तिने चष्मा लावून प्रिंट नीट पाहिली. "आणि ही सपाट रेघ कशाची?"

"ती... खालची. ब्रिजच्या वेळची."

"म्हणजे खरं काम करायच्या वेळी हे झोपलेले," ती म्हणाली आणि प्रिंट घेऊन गेली. ती सध्या फ्रिजवर चुंबकाने लावलेली आहे. सपाट रेघेभोवती लाल पेनाने गोल आहे. येणाजाणाऱ्यांना ते आमच्या भागाच्या पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक वाटतं.

पुढच्याच आठवड्यात घरी सत्यनारायण होता. सोवळं नेसून मी पाटावर बसलो, उघड्या अंगावर उपरणं. कलशपूजेला पुढे वाकलो, श्वास सोडत, गुडघे सैल, सगळं शिकवल्याप्रमाणे, उपरणं घसरलं. मागे नांदेडहून आलेल्या आत्या बसल्या होत्या. केसाळ पाठीवर दोन्ही बाजूंना ओळीने गुळगुळीत, लालसर चौकोन पाहून त्या किंचाळल्याच.

"अगं बाई, याला नागीण झालीय! आणि ती दोन्हीकडून येतेय!"

नागिणीची दोन टोकं एकमेकांना भिडली की माणूस वाचत नाही, ही समजूत आमच्या घराण्यात सत्यनारायणाच्या कथेपेक्षा पक्की आहे. गुरुजी थांबले. मी वाकलेल्या अवस्थेतच इलेक्ट्रोमायोग्राफी समजावून सांगू लागलो. "पाठीतली वीज मोजली, आत्या." आत्यांनी बायकोकडे असं पाहिलं, की आता डोक्यावरही परिणाम झालाय का. वरच्या मजल्यावरच्या अम्मा प्रसादाला आल्या होत्या. त्यांनी नातवाला खाली बोलावू का, असं विचारलं. मी तत्काळ सरळ झालो. विनासायास. एकही कळ आली नाही. त्या क्षणी तारा लावलेल्या असत्या, तर त्या पोराच्या प्रबंधाला एक सुरेख आलेख मिळाला असता.

आता मी रोज थोडं चालतो, ब्रिज करताना आधी खालच्यांना जागं करतो आणि बर्ड-डॉगला हात कुठला, पाय कुठला, हे मोठ्याने म्हणतो. 2021 च्या कॉक्रेन आढाव्यात जुनाट कंबरदुखीला व्यायाम न करण्यापेक्षा व्यायाम बरा, असं निघालं आहे. कुठल्या पंथाचा, यावर भांडायला तिन्ही बाजू मोकळ्या आहेत. 2020 साली जगात 61 कोटी 90 लाख माणसांची कंबर दुखत होती आणि 2050 पर्यंत हा आकडा 84 कोटींच्या वर जाईल, असा अंदाज आहे. इतक्या मोठ्या मंडळाचा मी सभासद आहे.

पोराचा प्रबंध मात्र अडला आहे. दुखणाऱ्या कमरा त्याला मुबलक मिळाल्या. माधापूर-गच्चीबावलीच्या आयटी कंपन्यांतून तर रांग लागली. तुलनेसाठी तेवढ्याच न दुखणाऱ्या कमरा लागतात, आणि त्या या शहरात त्याला सापडत नाहीयेत. तेव्हा पस्तिशी ते पंचावन्नमधला, गेल्या वर्षभरात कंबर अजिबात न दुखलेला एखादा माणूस हैदराबादेत तुमच्या माहितीत असेल, तर कृपा करून पाठवा. चहा-बिस्किटं मिळतील. पाठीवर केस नसतील तर फारच बरं.